एका वाक्याचे संशोधक

लवळ्यात बसून युरोपातल्या विद्वानांची झोप उडवणारा माणूस मी एकच पाहिला. त्या विद्वानांना याचा पत्ता नव्हता, ही गोष्ट वेगळी. हे आमचे बायबलवाले सर. पुण्यातल्या एका धर्मशास्त्राच्या कॉलेजात उभी हयात हिब्रू शिकवून निवृत्त झाले आणि पुस्तक पुरं करायला शांतता हवी म्हणून आमच्या गावात चिमाबाईंच्या घरी एक खोली भाड्याने घेऊन राहिले. मी तेव्हा, म्हणजे सत्तरच्या दशकाच्या अखेरीला, गावच्या शाळेत मास्तर होतो. पोस्टही माझ्याकडेच होतं, त्यामुळे सरांच्या विद्वत्तेची आवक-जावक माझ्याच हातून होई. जावक पुष्कळ होती.

सर मोठ्याने हिब्रू म्हणत बांधावरून चालले, की चरणाऱ्या म्हशी माना वर करत. गाव त्यांना ‘पादरीबाबा’ म्हणे. एकदा ते चावडीसमोर चिडून म्हणाले, “मी पादरी नाही, पाठचिकित्सक आहे! जुन्या ग्रंथांचे पाठ तपासतो!” लोकांनी पहिलंच वाक्य धरलं. दुसऱ्या दिवशी पाठीत उसण भरलेली दोन माणसं त्यांच्या दारात हजर. सरांनी त्यांना बाम चोळून दिला आणि वर हस्तलिखितांवर व्याख्यानही दिलं. बामाने गुण आला.

“माझा विषय समजणारी माणसं जगात तीन,” असं ते सांगत. “एक जर्मनीत, एक स्कॉटलंडात.” तिसरा कोण, हे विचारण्याचा आगाऊपणा कुणी करत नसे. जर्मनीतला वारल्याचं पत्र आलं, तेव्हा सरांनी दोन दिवस दाढी केली नाही. “आता मला विरोध कोण करणार, मास्तर?” म्हणाले.

त्यांचा विषय म्हणजे एक वाक्य. बायबलात एक विधवा सून सासूला पोसायला परक्याच्या शेतात सरवा, म्हणजे कापणीत गळालेली कणसं, वेचते आणि एका दिवसात मोठं मापभर सातू घरी आणते. कारण शेताचा मालक गड्यांना सांगतो, पेंढ्यांतून मुद्दाम कणसं गाळा. सरांच्या मते हे मालकाचं वाक्य मुळात नव्हतंच, मागाहून कुणा नकलनविसाने घुसडलेलं. “कुठला जमीनदार आपलं पीक असं गाळतो?” हा त्यांचा सवाल. त्यावर वीस वर्षांची मेहनत आणि चारशे पानं उभी होती. सरांनी स्वतः कधी मेथीची जुडीही पिकवली नव्हती.

पुस्तक छापखान्यात पाठवायच्या आदल्या दिवशी मी त्यांच्याकडे बसलो होतो. चिमाबाई ओट्यावर तांदूळ पाखडत होत्या. सरांनी सहज विचारलं, “चिमाबाई, एकटी बाई दिवसभरात चार पायल्या सरवा वेचेल का हो?”

“एरवी न्हाई. पर मालकानं पेंढीतनं मुद्दाम गाळला आसंल तर व्हतंय की.”

सर ताठ बसले. “हे वाक्य तुम्हाला कुणी वाचून दाखवलं?”

“कंचं वाक्य?” चिमाबाईंचं सूप थांबलं. “माज्या आईसाटी एका शेतवाल्यानं आसंच केलं व्हतं. बाप गेला त्या साली. हातात दिलं आसतं तर आईनं घेतलं नसतं, सर. म्हनून गाळायचं. तिला सरवा, आन् त्येला पुन्य.”

सर उठले. मग आत गेले आणि पुस्तकाचा गठ्ठा ट्रंकेत ठेवून कुलूप लावून आले. मी म्हटलं, “सर, एका बाईच्या बोलण्यावरून वीस वर्षं?”

“पुरावा आहे, मास्तर,” ते शांतपणे म्हणाले. “आणि पुरावा पाखडतोय.”

आठवड्याने त्यांनी एका परदेशी नियतकालिकाला दोन पानांचा लेख पाठवला: माझं मत चुकलं, हे मला लवळ्याच्या चिमाबाईंनी दाखवून दिलं. गावाच्या नावासकट. पाकिटावर तिकीट लावण्याआधी मी दोनदा विचारलं, नक्की पाठवू ना? सर मात्र कधी नव्हे ते शीळ घालत घरी गेले.

लेख छापून आला. पुढच्या पावसाळ्यात सर न्यूमोनियाने गेले. त्यानंतर वर्षभराने स्कॉटलंडहून एक पत्र आलं, चिमाबाईंच्या नावे. तिथल्या विद्वानाने त्यांना सरव्याबद्दल सहा प्रश्न विचारले होते आणि शेवटी लिहिलं होतं, ‘आपलं म्हणणं लेखातून आमच्यापर्यंत पोहोचवणाऱ्या आपल्या दुभाष्याचेही आभार.’

मी मराठीत सांगत गेलो, चिमाबाई हात जोडून ऐकत राहिल्या. “दुभाष्या म्हंजी कोन, गुरुजी?”

“आपले सर.”

“म्हंजी काय म्हनलंय त्येंनी?”

मी चष्मा पुसला. “मोठा विद्वान माणूस, असं म्हटलंय.”

“व्हतेच,” चिमाबाई म्हणाल्या, आणि पदराने डोळे टिपून पहिल्या प्रश्नाचं उत्तर सांगू लागल्या.