गोरक्षची गाठ

आमच्या विंचूरच्या गोरक्षला देवाने दोन डोळे दिले, ते दोन्ही संशय घ्यायला. दुकानातून आणलेली साखर तो घरी पुन्हा तोलतो. डॉक्टरने गोळी दिली की औषधाच्या दुकानात खात्री करतो आणि घरी येऊन मला विचारतो. मी शेजारी, म्हणून माझ्यावर त्यातल्या त्यात कमी संशय.

कांदा वाहायला त्याच्याकडे जुनी डिझेल पिकअप आहे. यंदा पावसाळा सरला आणि ती काळा धूर ओकायला लागली. चढावर तर मागचा मोटारसायकलवाला दिसेनासा व्हायचा. मार्केटच्या फाटकावर लोक नाकाला रुमाल लावून शिव्या घालायचे. धुराच्या तपासणीत गाडी नापास झाली, तेव्हा गोरक्षने आधी पेट्रोल पंपावर संशय घेतला. पंप बदलला, धूर तसाच. मग त्याची नजर वळली जयरामकडे.

जयराम म्हणजे त्याच्या बायकोचा, कुसाबाईचा, धाकटा भाऊ. मनमाडला त्याचं गॅरेज आहे. इंजिनात डिझेलचा फवारा सोडणारे नोझल त्यानेच गणपतीत साफ करून दिले होते.

"माझे चांगले नोझल ठेवून घेतले आन भंगारातले बसवले त्यानं," गोरक्ष म्हणाला.

"अहो, भाऊ हाय माझा," कुसाबाई म्हणाली.

"म्हणूनच तर सोपं गेलं. यंदा भाऊबीजेला मनमाडला जायचं नाय. आन ते अनारशाचे तांदूळबी भिजवू नको."

जयरामला अनारसे फार आवडतात, म्हणून दर दिवाळीला ते व्हायचे. कुसाबाईचे आईवडील कधीच गेले. माहेर म्हणून तिला हा एकच उंबरा उरलेला. ती भांडली नाही. तांदळाचा डबा तिने फळीवर परत ठेवला. मला त्या माणसाचा असा संताप आला की दोन दिवस मी त्याच्याशी बोललो नाही.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी तोच माझ्या दारात आला. जयरामची चोरी पकडायची होती आणि साक्षीदार हवा होता. "तू फक्त त्याच्या हातावर नजर ठेव," असं त्याने मनमाडच्या गॅरेजात पोचेपर्यंत मला तीनदा बजावलं.

"या दाजी, चहा सांगू का?" जयरामने विचारलं.

"चहा नको. नोझल काढ."

जयरामने पाना उचलला. त्याने नोझल काढले, तपासायच्या यंत्रावर लावले आणि दांडा दाबला. धुक्यासारखा बारीक, सारखा फवारा पडला. गोरक्षने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली, तर म्हणतो, "तुला काय कळतंय त्यातलं?"

"दाजी," जयराम हात पुसत म्हणाला, "काळा धूर म्हंजे डिझेल हाय, पण हवा पुरत नाय. आन हवा येती तिथून."

त्याने एअर फिल्टरच्या डब्याकडे बोट केलं. डबा उभा-आडवा सुतळीने बांधलेला होता आणि वर गाठ होती. ही गाठ गोरक्षची खास. कांद्याच्या गोणीचं तोंड तो याच गाठीने बांधतो. दुसऱ्या कुणाला ती जमत नाही, त्यामुळे कुणी सोडली की त्याला लगेच कळतं. मागे कुठल्याशा गॅरेजात आपला नवा फिल्टर कुणी बदलला, असा त्याला वहीम आला. तेव्हापासून डब्यालाही तीच गाठ.

"गाठीला हात लावायचा नाय, अशी शपथ घातली होती तुम्ही मला," जयराम म्हणाला. "मी नाय लावला."

"मी रोज सकाळी बघतो ना!"

"काय बघता?"

"गाठ."

"आन आतलं?"

गोरक्षने बाह्या वर सारल्या. मग स्वतःच गाठ सोडायला गेला. तेलाने आणि धुळीने ती दगड झाली होती. नखं दुखली तरी सुटेना. शेवटी ब्लेड मागून घेतलं. झाकण उघडलं तर फिल्टरवर धुळीचा थर आणि कांद्याच्या फोलपटांचा लगदा. मला हसू आवरेना.

जयरामने नवा फिल्टर घातला आणि गाडी चालू केली. आधी एक काळा लोट निघाला, मग धूर विरळ होत गेला. "जुनं इंजिन हाय, थोडा राहणारच," तो म्हणाला. गोरक्षने सवयीने खिशातून सुतळी काढली, तिच्याकडे पाहिलं आणि परत खिशात घातली.

"चहा सांग," तो म्हणाला.

भाऊबीजेच्या सकाळी त्याने पिकअप दारात उभी केली आणि कुसाबाईला हाक मारली, "चल मनमाडला. मिटलं सगळं."

ती लगेच बसली नाही. आधी मागे जाऊन तिने धूर पाहिला. मग म्हणाली, "बॉनेट उघडा." त्याने उघडलं. तिने वाकून डबा पाहिला, सुतळी नाही याची खात्री केली आणि मगच ओवाळणीचं ताट घेऊन गाडीत बसली.

"अनारसे नाय घेतले?" गोरक्षने चाचरत विचारलं.

"तांदूळ कुणी भिजवू दिले नाय, ते तुमच्या तोंडानं सांगा त्याला."

"सांगतो की."

"मी शेजारी उभी राहून ऐकणार हाय," कुसाबाई म्हणाली.