धरणाच्या धड्यातली नावं

तालुक्यातल्या शाळांसाठी आपल्या भागाच्या इतिहासाचं पुस्तक निघायचं ठरलं आणि धरणाचा धडा आमच्या सूनबाईच्या वाट्याला आला. ती शाळेत शिकवते. माझं माहेर त्याच धरणाखाली गेलेलं, म्हणून मला विचारून विचारून तिनं लिहिला. घर सोडताना माझी आई उंबऱ्याला धरून बसली होती, भावांनी उचलून तिला ट्रकमध्ये बसवलं, तेही घातलं. मला वाटलं, चला, गाव गेलं, पण पोरांच्या वाचण्यात राहील.

धड्याची बातमी फुटली कशी, देव जाणे. आधी जुन्या जमीनवाल्या घराण्यांचं मंडळ आलं. चहा पिऊन त्यातले एक पावणे सूनबाईला म्हणाले, "बाई, धडा लई झ्याक. पण पहिली जमीन आमच्या आज्यानं दिली, त्याचं नाव न्हाई."

मी विचारलं, "दिली का गेली, भाऊ?"

"आता दिलीच म्हणायची, आजी. पोरं वाचणार."

मग पेठेतल्या दुकानदारांचं मंडळ आलं. त्यांच्या आजोबांनी म्हणे उठून चाललेल्या लोकांना गूळ-शेंगदाणे वाटले होते. मग आणखी दोन मंडळं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, आमच्या लोकांनी धड्याची लग्नपत्रिकाच केली होती. पत्रिकेत चुलत्याचं नाव राहिलं तर माणूस मांडवात जेवत नाही, मग पुस्तकात राहिलेलं कसं चालेल?

आळेफाट्याला एका हॉटेलात पुस्तक काढणाऱ्यांची आणि सगळ्या मंडळांची बैठक झाली. सगळी नावं घ्यायची ठरलं. धड्याला पान मात्र एकच, तेव्हा काय काढायचं? माझी आई. तिच्या बाजूनं मंडळ नव्हतं. त्या जागी आलं, 'गावकऱ्यांनी आनंदाने स्थलांतर केले.' सूनबाई चिडून म्हणाली, असं असेल तर धड्यावरचं माझं नाव काढा. ते लगेच काढलं. तेवढं एक नाव काढायला कुणाची हरकत नव्हती.

परीक्षेत तोच प्रश्न आला, गावकऱ्यांनी स्थलांतर कसे केले? आमच्या नातीनं लिहिलं, 'आनंदाने. माझी पणजी सोडून.'

पेपर तपासायला तिची आईच. उत्तर पुस्तकाप्रमाणे नाही म्हणून तिनं अर्धा मार्क कापला, आणि पेपर मला दाखवायला घरी घेऊन आली.