काटक्यांचा गॅस आणि माझं पातेलं

निवृत्तीनंतर माणसं नातवंडं सांभाळतात, नाही तर गुडघे. आमच्या ह्यांनी धायरीच्या घरामागच्या अंगणात एक लोखंडी पिंप उभं केलं.

टेकडीवर झाडं लावणाऱ्या मंडळात हे पहिल्यापासून आहेत. उन्हाळ्यात तिथे वणवा लागायचा आणि पावसाळ्यात लावलेली रोपं करपायची. म्हणून मंडळी वनखात्याला विचारून वाळक्या काटक्या खाली आणू लागली. त्यांचं करायचं काय, तर ह्यांचं उत्तर तयार: गॅस. पिंपात काटक्या पेटवायच्या, पण त्यांना पोटभर हवा द्यायची नाही. धुमसता धुमसता त्या जळणारा वायू सोडतात, तो नळीने शेगडीपर्यंत आणायचा. वायू विषारी, म्हणून सगळा कारभार उघड्यावर. एवढी अक्कल होती.

पहिला चहा माझ्या पातेल्यात झाला. ज्योत पिवळी, धुरकट आणि पातेल्याच्या बुडाला डांबराचा थर. चहाही रस्त्याच्या कामावर उकळल्यासारखा.

"अगं, पहिलाच प्रयत्न आहे," हे म्हणाले.

"प्रयत्न तुमचा, पातेलं माझं. यापुढे माझं एकही भांडं या शेगडीवर चढणार नाही."

मग ह्यांनी गॅस सुधारायला घेतला. एवढं लक्ष स्वतःच्या साखरेकडे दिलं असतं तर डॉक्टरांनी पाठ थोपटली असती. काटक्यांचे तुकडे एकसारखे हवेत म्हणून अडकित्त्याने कातरले. डांबर जळून जावं म्हणून वायू लालभडक कोळशांच्या थरातून काढला, मग गाळायला भुसा, आणि भुशापुढे माझं चक्का बांधायचं फडकं. काटक्या गच्चीवर माझ्या कुरडयांशेजारी वाळत घातल्या. कळस म्हणजे वाळलेल्या काटक्यांना दमट हवा लागू नये म्हणून त्या पापडांच्या घट्ट झाकणाच्या डब्यांत भरल्या, आणि पापड पिशवीत. ज्योतीचा पिवळेपणा कमी झाला खरा, पण ती कधी पेटे, कधी विझे. पापड मात्र नेमाने सादळले.

शेवटी मंडळाने सांगितलं, रविवारी येऊन बघतो. पटलं तर पिंप टेकडीखालच्या रोपवाटिकेत नेऊ, नाही तर तुम्ही हा नाद सोडा. शनिवारी हे जेवले नाहीत. पोट ठीक नाही म्हणाले. पोटाचा काही संबंध नव्हता.

रविवारी भर उन्हात मंडळी अंगणात खुर्च्या टाकून बसली. ह्यांनी शेगडीला काडी लावली. काहीच दिसेना. धूर नाही, वास नाही, ज्योत नाही. हे वाकून बघू लागले. एका डोळ्यात मोतीबिंदू, त्यात घाबरलेले.

"विझलं वाटतं," एक जण म्हणाला.

"असू द्या हो. या वयात एवढं करता, हेच खूप," दुसऱ्याने समजूत काढली.

ह्यांनी काडेपेटी खिशात घातली. मला मात्र संताप आला. ह्यांची चेष्टा करायचा हक्क माझा, तो या लोकांना कुणी दिला?

तेवढ्यात माझं लक्ष शेगडीच्या वर गेलं. तिथली हवा थरथरत होती, मागचं कुंपण पाण्यात पडल्यासारखं हलत होतं. गॅस इतका निर्मळ पेटला होता की उन्हात ज्योतच दिसत नव्हती. मी आत गेले, माझ्या घासलेल्या पातेल्यात दूध ओतून आणलं आणि शेगडीवर ठेवलं.

"वहिनी, विझलीये ती."

"असू द्या. आमच्याकडे विझलेल्या शेगडीवरच दूध तापवतात."

मंडळी कसनुशी हसली. मग पातेल्याच्या कडेला बुडबुडे आले आणि हसू थांबलं. साय वर आली, फुगली. सगळे खुर्च्या सोडून पुढे झाले.

हे मात्र दुधाकडे बघतच नव्हते, माझ्याकडे बघत होते.

"अगं, तुझं पातेलं..." एवढंच म्हणाले.

दूध उतू चाललं होतं आणि ते उतरवायला आम्हा दोघांपैकी कुणाचाच हात पुढे होईना.