हाडांवरनं काढलेला माणूस

आमच्या जळकोटात बिभीषणाएवढा संशयी माणूस दुसरा न्हाय. मोटारीवर तुळजापूर लिवलेलं असलं तरी आधी डायवरला इचारायचा, मग कंडक्टरला, आन बसल्यावर शेजारच्या बाईला. माझ्या घरचं ताकसुद्धा हुंगून प्यायचा. मी म्हनायची, "तुला इख घालायला तू कोण लागून गेलास रं?"

पयलं असा नव्हता. त्याचा थोरला भाऊ, श्रीमंत नावाचा, रझाकारांच्या धामधुमीत सोलापूरच्या हद्दीकडं निघाला, तो परत आलाच न्हाय. श्रीमंताची बायको अयोध्या माझ्या भिंतीला भिंत लावून राहायची. इतकी वर्सं ती कुंकू लावत हुती, आन बिभीषण दीर म्हणून तिचं घर चालवत हुता.

दहाएक वर्सांनी दुष्काळात हद्दीच्या वाटेवरल्या जुन्या बारवेतला गाळ उपसला, तवा माणसाची हाडं निघाली. पंच म्हणाले, हा श्रीमंतच. क्रियाकर्म करा, बाईचं कुंकू उतरवा. "कशावरनं?" बिभीषण गरजला. निकाल लागंस्तवर हाडांचं गठुडं बाभळीला टांगून ठिवलं, आन गावात कुजबुज सुरू झाली. भाऊ मेला म्हनलं तर बाईला जमिनीचा हिस्सा द्यावा लागंल, म्हणून ह्याची ही नाटकं! कुनी तर त्याहून घाण बोललं. मेल्यांच्या जिभंला हाड न्हाय.

त्याच सुमारास शाळेत मल्लिनाथ गुरुजींनी चित्रं लावली. कोट्यवधी वर्सांमागची जनावरं, घराएवढी, सुसरीच्या तोंडाची, जुन्या विलायती पुस्तकातनं उतरवलेली. बिभीषणानं इचारलंच, "ही बघितली कुनी?"

गुरुजी सरळ माणूस. म्हणाले, "कुणीच नाही. हाडं सापडली, त्यावरून काढली. पहिल्यांदा शास्त्रज्ञ चुकलेसुद्धा. ह्या जनावराच्या अंगठ्याचं टोकदार हाड त्यांनी शिंग म्हणून नाकावर बसवलं. पुढं सबंध सांगाडे मिळाले, तेव्हा उमगलं."

बिभीषण घरी गेला न्हाय, बाभळीवरलं गठुडं घेऊनच परत शाळेत आला, आन सोडून हाडं मांडली. "मंग ह्यावरनं माणूस काढा." गुरुजींनी आढेवेढे घेतले, पर काढला.

चावडीवर कागद उलगडला. तोंड कुनाचंबी असावं असं. बिभीषण हसलाच. "हा माझा भाऊ? शिकलेली मानसं अंगठा नाकावर चिटकवत्यात, आन तुमी चार हाडांवरनं माझ्या वैनीचं कुंकू पुसायला निघालाव?" खाली बायकांत उभ्या असलेल्या मलाबी बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

तेवढ्यात अयोध्या पुढं आली. आमच्याकडं बायका चावडी चढत न्हाईत, ती चढली. चित्रातला डावा हात कोपराखाली वाकडा हुता.

"गुरुजी, हे तुमी मनानं काढलं?"

"नाही बाई. ते हाड मोडून वाकडं सांधलेलं आहे."

तिनं त्या हातावर बोट ठिवलं. "मालक गाडीवरनं पडले तवा महिनाभर म्या शेकलाय ह्यो हात. भावजी, हाडवैद्याकडं तुमीच नेलं हुतं. गठुडं सोडलं तवाच तुमाला कळलं."

बिभीषण मटकन खाली बसला. "म्याच म्हनलं हुतं त्याला, वैनी. जा, वाटंत काय भ्या न्हाय, म्हनून."

"ठावं हाय. दारामागं मीच उभी हुते," अयोध्या म्हणाली. "उठा आता. त्यास्नी आनखी किती दिस टांगून ठिवायचं?"