मोहेंजो आणि हाताचा दगड

मोहेंजोला कुठलीही खूण नुसती बघून पुढे जाता येत नसे. ट्रकच्या कपाळावरचं स्वस्तिक असो, दुकानाच्या दारात टांगलेलं लिंबू असो की बैलाच्या वशिंडावर उमटवलेला शेंदरी पंजा असो, ती जागच्या जागी थांबायची, मान वाकडी करायची आणि म्हणायची, "पहिल्यांदा कुणी काढलं असंल गं हे?" मागून येणारी माणसं तिच्यावर आपटायची. दौंडच्या एसटी स्टँडवर तिच्यापायी आमच्या किती गाड्या चुकल्या असतील, सांगता येत नाही.

तिचं खरं नाव नसीमा. यवतची. तिची आई, नूरभाभी, आसपासच्या गावांतून बायकांना बांगड्या भरायची. कॉलेजच्या पहिल्या वर्षी सरांनी इतिहासाच्या तासाला मोहेंजोदडोच्या त्या प्रसिद्ध नर्तकीचं चित्र दाखवलं. तिच्या अंगावर कपडा नाही म्हणून सगळा वर्ग पुस्तकात तोंड घालून हसत होता. नसीमा उठून उभी राहिली. "सर, हिच्या एका हातात पार खांद्यापतुर बांगड्या हायत आन् दुसऱ्यात चारच. कामाचा हात मोकळा ठेवलाय तिनं." सरांनी खिशातून पेन काढून आपल्या टिपणात काहीतरी लिहून घेतलं. वर्गाने मात्र त्याच दिवशी तिला मोहेंजो करून टाकलं. ती चिडेल असं वाटलं होतं, तर तिने वहीच्या पहिल्या पानावर स्वतःच तसं लिहून टाकलं.

ती यवतला गाडीत चढायची आणि पुढे भांडगावला मी चढेपर्यंत शेजारच्या सीटवर आपली पिशवी ठेवून माझी जागा धरायची. पिशवीत डबा आणि एक जाड वही. वहीत गोंदणं. नूरभाभीसमोर बाई हात पुढे करून बसली की पाव तास तरी तो हात हलत नाही. तेवढ्यात ही कोपऱ्यात बसून त्या हातावरची तुळस, विंचू, पाच ठिपके, नवऱ्याचं नाव असं सगळं उतरवून घ्यायची. म्हाताऱ्यांना आधी गंमत वाटायची, मग त्या आपणहून पदर सरकवून दंडावरचं दाखवायच्या. मी एकदा म्हटलं, यापेक्षा परीक्षेच्या नोट्स उतरवल्यास तर बरं होईल. मोहेंजो म्हणाली, "नोट्स कुठं पळून जात न्हाईत. या म्हाताऱ्या जातील."

दुसऱ्या वर्षी शिरूर तालुक्यातल्या इनामगावला सहल गेली. तीन हजार वर्षांपूर्वीचं गाव तिथे उकरून काढलेलं, एवढं ऐकून आम्ही मोठ्या उत्साहाने गेलो, आणि बघायला होतं काय, तर घोड नदीच्या काठाला एक मातीचं टेकाड. पोरं वैतागून झाडाखाली भेळ खायला बसली. सर सांगत होते की इथली माणसं गेलेली तान्ही पोरं दोन मडक्यांत, तोंडाला तोंड लावून, राहत्या घराच्याच जमिनीत पुरायची. कारणं काय असतील, त्यावरही ते बरंच बोलले. परतीच्या गाडीत खिडकीकडे तोंड करून मोहेंजो म्हणाली, "आयनं लांब न्हेऊ दिलं नसंल." मी हातातली भेळ पुडीत गुंडाळून ठेवली.

एवढी शहाणी मुलगी, पण कुठे काय बोलावं याचा पोच तिला नव्हता. ते तिच्या अंगाशी आलं, आणि तेही आमच्याच घरी.

आमच्या वस्तीच्या वाटेवर एक उभा दगड होता. त्यावर कोपरात दुमडलेला, पंजा उघडा असलेला, बांगड्यांनी भरलेला एक हात कोरलेला, वर चंद्र-सूर्य. आम्ही त्याला हातआई म्हणायचो. नवरीने लग्नाआधी तिथे हिरव्या बांगड्या वाहायच्या, हा रिवाज. माझ्या ताईचं लग्न आठ दिवसांवर आलं, तेव्हा नूरभाभी चुडा भरायला आली आणि वही घेऊन मोहेंजोही आली. ओटीवर पंधरा-वीस बाया. नलूकाकू तेवढी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत. काकू बाविसाव्या वर्षी विधवा झाली होती. वीस वर्षं शेताचं, घराचं सगळं तीच बघत होती, पण बांगड्या भरायच्या दिवशी तिची जागा उंबऱ्याच्या आत होती. ते चुकीचं आहे असं आमच्यापैकी कुणाला वाटलंही नाही, मलासुद्धा नाही. याची मला आजही लाज वाटते.

कुणीतरी हातआईचा विषय काढला, आणि मोहेंजो वहीतून मान वर न करता म्हणाली, "ती आई न्हाई, सतीचा हात हाय तो. नवऱ्यासंगं जळाली ती बाई. म्हणून हातात चुडा कोरलाय."

ताईचा अर्धा भरलेला हात तसाच नूरभाभीच्या हातात. ताई रडायला लागली आणि आईने जाहीर केलं की नवरी आता त्या दगडाकडे जाणार नाही. नूरभाभीने लेकीकडे असं बघितलं की मीच खाली मान घातली. तेवढ्यात उंबऱ्याच्या आतून काकूने विचारलं, "ती गेली, तिचा दगड हाय. ज्या मागं ऱ्हायल्या, त्यांचा कुठं हाय गं?"

मोहेंजोने काकूचा प्रश्न वहीत उतरवून घेतला.

दोन दिवस ती गाडीला दिसली नाही. मला वाटलं, घाबरून घरी बसली. पण ही सकाळच्या पहिल्या गाडीने जाऊन लायब्ररी उघडायची वाट बघत बसत होती. तिसऱ्या दिवशी नूरभाभी माफी मागायला तिला आमच्या घरी घेऊन आली. माफी वगैरे बाजूलाच राहिली. मोहेंजो थेट चुलीपाशी गेली.

"काकू, समदी पुस्तकं पालथी घातली. लढून मेलेल्यांचे दगड हायत, जळालेल्यांचे हायत. तुमचा दगड कुणी काढलाच न्हाई."

काकू भाकरी थापत होती. तिने तव्यावरची भाकरी उलटली, हात धुतले, पदराला पुसले आणि बाहेर येऊन नूरभाभीसमोर बसली. "मग कुणीतरी पहिल्यांदा काढाय पायजे," ती म्हणाली. "हिरव्या नगं. निळ्या हायत का?"

नूरभाभीने माझ्या आईकडे बघितलं. घर आईचं होतं, लग्नही तिच्याच लेकीचं. आई उठली आणि भिंतीशी गुंडाळून ठेवलेली सतरंजी आणून काकूच्या बाजूला अंथरली. "भुईवर नको बसू," एवढंच म्हणाली.

वीस वर्षं खुरपं धरलेला तो हात. सव्वादोनची बांगडी त्यातून जाईना. नूरभाभी अंगठ्याचा गड्डा दाबत, बोटं मिटवत, हळूहळू एकेक बांगडी चढवत होती. एकही पिचली नाही. दोन्ही हात भरून झाल्यावर रिवाजाप्रमाणे तिने एक जास्तीची घातली. आमच्याकडे बांगड्या भरल्या की बाई भरणारीला नमस्कार करते आणि ती आशीर्वाद देते. काकू वाकली. नूरभाभी सवाष्णींना जे म्हणायची, तेच म्हणाली: "भरल्या हातानं ऱ्हा." मोहेंजो दाराला टेकून ढसाढसा रडत होती आणि वही तिच्या हातातून कधी पडली ते तिला कळलंच नाही.

दुसऱ्या दिवशी ताई हातआईकडे गेली, आईने अडवलं नाही. ताट काकूच्या हातात होतं. ताईने हिरव्या वाहिल्या, काकूने शेजारी दोन निळ्या ठेवल्या. वस्तीवर चार दिवस कुजबुज झाली. पुढच्या वर्षी आणखी कुणाच्या तरी दोन निळ्या तिथे दिसल्या. कुणाच्या, ते कुणी विचारलं नाही.

पुढे माझं लग्न होऊन मी शिरूरला आले. मोहेंजो बी.एड. करून तालुक्यातल्याच एका हायस्कूलवर लागली. दरवर्षी ती पोरांना इनामगावच्या टेकाडावर नेते आणि भेळ मात्र गाडीतच खायला लावते. मध्यंतरी तिच्याकडे गेले तेव्हा ती आठवीच्या वह्या तपासत होती. एक वही तिने माझ्यापुढे सरकवली. एका मुलीने आजोळच्या चालीरीतींवर लिहिलं होतं: "आमच्या आजीच्या वस्तीवर हातआईचा दगड आहे. तिथे नवऱ्या हिरव्या बांगड्या वाहतात आणि नवरा नसलेल्या बायका निळ्या वाहतात. ही प्रथा फार प्राचीन आहे."

मी हसत सुटले. म्हटलं, प्राचीन कसली, काकू अजून भाकऱ्या थापतेय, मार लाल फुली. मोहेंजोने फुली मारली नव्हती. समासात तिने आपल्या बारीक अक्षरात एवढंच लिहिलं होतं: "पहिल्यांदा कुणी वाहिल्या असतील? आजीला विचारून ये."