पाण्यानं बाटलेला रांजण

"फोड. तुझ्या हातानं भरलास ना? तुझ्याच हातानं फोड."

हे मला एका वकिलाच्या बायकोनं सांगितलं. निजामाच्या जुन्या राजधानीत, हिमायतनगर वस्तीत, त्यांच्या अंगणात, लग्नाच्या मांडवाखाली. मी बारा वर्षांची. शेजारी माझा बा उभा. बा कुंभार, आमचं घर त्याच शहरातल्या गौलीगुड्यात. समोर आम्हीच आणून उतरवलेला नवा रांजण, गळ्यापर्यंत भरलेला. पाणी मी ओतलं होतं. तोच माझा गुन्हा.

मुलांनो, आजीला एवढा राग कुठून येतो, असं तुम्ही विचारता. क्रमानं सांगते.

आधी रांजण कसा होतो ते. तळ्यातली माती बा गाढवावर आणायचा. आय ती वाळवायची, कुटायची, चाळायची. मग त्यात राख आणि लीद मिसळून पाणी घालायचं आणि तुडवायचं. तुडवणं माझं काम. मिशनच्या शाळेत जाण्याआधी मी परकर खोचून मातीत उतरायची. टाचेनं दाबत राहायचं. पायाला खडा लागला की वाकून काढायचा, नाहीतर आव्यात, म्हणजे भट्टीत, भांडं तडकतं. माती लोण्यासारखी झाली की बा चाकावर घ्यायचा. काठीनं चाक फिरवून जाड बुडाचा घट उठवायचा, दोऱ्यानं कापून उतरवायचा. तो जरा सुकला की खरं काम. आतून गोल दगड धरायचा, बाहेरून लाकडी थापीनं ठोकायचं. ठोकता ठोकता घट फुगतो, भिंत पातळ होते. एक ठोका जास्त पडला तर भोक. मग सावलीत सुकवणं, गेरू लावणं. शेवटी आवा. गोवऱ्या, पेंढा, वरून चिखलाचा लेप. सगळी गल्ली धुरानं खोकायची.

तो रांजण बानं असा केला. माती माझ्या पायाखालची होती.

निजामाचं राज्य जाऊन थोडेच महिने झाले होते. वकिलांच्या गच्चीवर तिरंगा होता. कोठी भागातल्या सभेत त्यांचं भाषण बानं मागं उभं राहून ऐकलं होतं. आता कुणी उच्च नाही, कुणी नीच नाही. बा घरी येऊन आयला म्हणाला, "आता आपले दिवस, बघ." आणि त्याच घरातून लग्नाच्या रांजणाची मागणी आली. बाला वाटलं, भाषण खरं होतं.

रांजण मांडवात ठेवला. बाईंनी टिचकी मारून पाहिला. नाक मुरडलं. "मागचा झिरपला होता. हाही तसलाच असेल."

अंगणात नळ होता. बादली होती. मला वाटलं, भरून दाखवावा, म्हणजे बोलायला जागा राहणार नाही. बा दोर सोडत होता, त्याचं लक्ष नव्हतं. मी भरला. रांजणाच्या अंगावर थेंब नाही. मी खूश होऊन वर पाहिलं.

बाई ओरडल्या, "बाटवला! अगं बाटवला गं रांजण!"

कुंभाराचं कोरडं मडकं त्यांना चालायचं. कुंभाराच्या हातचं पाणी त्यात पडलं की ते बाटलं. बाला हे ठाऊक होतं. मलाही ऐकून ठाऊक होतं. पण भाषणानंतर ते संपलं, असं मी धरून चालले होते.

बाटलेलं भांडं बाटवणाऱ्यानंच फोडायचं, अशी त्या घरची रीत. बाईंनी खलबत्त्यातला बत्ता आणवला. तो माझ्या पायाशी टाकला. हातात दिला नाही.

"पोरगी येडी हाय, अम्मा," बा हात जोडून म्हणाला. "माफी करा."

वकील ओसरीवर पेपर वाचत होते. अंगावर खादी. पेपर खाली न करता म्हणाले, "शाळेत घातलीस ना? घे आता. इंग्रजीत पाणी भरते तुझी लेक."

मांडवातल्या बायका हसल्या. त्या हसण्यानं माझ्यात काहीतरी ताठ झालं. मी बोलले.

"बाई, ही माती मी पायांनी तुडवली. पाणी घालून तुडवली. ते पाणीपण आमच्याच हातचं होतं."



"आगीत शुद्ध झालं ते," बाई म्हणाल्या.

"मग हा परत चुलीवर ठेवा."

वकिलांनी पेपर खाली केला. "फोडल्याशिवाय जाशील तर हिमायतनगरात एका घरात तुझ्या बापाचं मडकं उतरणार नाही. समजलीस?"

समजले. बासुद्धा समजला. "फोड गं," तो म्हणाला. "नक्को वाढवू. फोड अन् चल."

मी बत्त्याला हात लावला नाही. बानं मला थोबाडीत मारली. सगळ्यांसमोर. त्याआधी त्यानं मला कधी मारलं नव्हतं. मी रांजणाला खांदा लावला आणि तो कलता केला. पाणी अंगणभर धावलं. बायका लुगडी सावरत पायऱ्यांवर चढल्या. एकीनं शिवी दिली, ती इथे लिहीत नाही. रिकामा रांजण मला एकटीला उचलेना. बा उभाच राहिला. मग पुढं आला आणि दुसरी बाजू त्यानं धरली.

वाटेत बा म्हणाला, "उद्या जाऊन पाया पड."

"नाही."

कोठीपाशी त्यानं पुन्हा विचारलं. मी पुन्हा नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशी तो स्वतः गेला आणि पाया पडला. उपयोग झाला नाही. वकिलांनी शब्द पाळला, त्या वस्तीतलं आमचं गिऱ्हाईक तुटलं. बानं चाक उभं करून ठेवलं आणि विटांच्या भट्टीवर मजुरीला लागला. मी शाळा सोडली नाही. सोडली असती तर ती ओसरी जिंकली असती.

त्या वेळी बा घाबरला होता. भीतीला मी माफ केलं. त्या घराला नाही.

तुमच्या तिकडच्या शहरात त्या वकिलांची पणतवंडं राहतात. तुम्ही एकमेकांकडे जेवता. फोनवर तुमची आई म्हणाली, "जाऊ दे आता, आई. जुनी माणसं, जुना काळ." तुम्ही जेवा. मैत्री करा. ती पोरं तिथे नव्हती. पण ती पणजोबांच्या भाषणांचं कौतुक सांगू लागली तर मान डोलवू नका. हे अंगण सांगा, बाईंचे शब्द सांगा, त्यांना आवडो न आवडो. आणि माझ्या वतीनं कुणी "जाऊ दे" म्हणायचं नाही. मी जिवंत असताना नाही. मी गेल्यावरही नाही.