वाशातल्या गोळ्या

विलास मला पहिल्यांदा दिसला तो उंबराच्या झाडावर. मी हिवताप विभागात होतो. माथेरानच्या पायथ्याच्या वाड्यांमधून फिरायचं, कुणाला ताप असेल तर बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, गोळ्या द्यायच्या, हे माझं काम. पोरं मला ‘रक्तवाला’ म्हणत. सात वर्षांचा विलास तापाने फणफणला होता, तरी मला बघून सरसर वर गेला. त्याची आई आवडी खाली उभी राहून म्हणत होती, “उतर रं, डाक्टर खात नाय तुला.”

“मंग त्याला वर येऊ दे,” विलास म्हणाला.

मी डॉक्टर नव्हतो आणि मला झाडावरही चढता येत नव्हतं. तासभर खाली बसून राहिलो. शेवटी तो आपणहून उतरला, बोट पुढे केलं आणि म्हणाला, “तुला चढता येत नाय, म्हणून आलो.”

त्या वाडीची एक रीत मला तीस वर्षांत मोडता आली नाही. ताप उतरला की उरलेल्या गोळ्या घ्यायच्या नाहीत. कागदात गुंडाळून छपराच्या पोकळ वाशात खोचायच्या, पुढे घरात कुणाला लागतील म्हणून. बरा झालेला माणूस औषध खातो म्हणजे आजाऱ्याच्या तोंडचं खातो, असं त्यांना वाटे. म्हणून घरात शिरलो की मी आधी वाशांत हात घालायचो. आवडी म्हणायची, “डाक्टर आलाय का मांजर?” सापडलेल्या गोळ्या मी समोर बसवून गिळायला लावायचो. एरवी मी कुणाशी मोठ्याने बोलणारा माणूस नाही. पण कामावर असताना तेवढा धीर यायचा.

विलास मोठा झाला तो कड्यांवरच. बापाबरोबर मधाची पोळी काढायला दोरावरून उतरायचा. पुढे कर्जतच्या हरेशने त्याला आपल्या गिर्यारोहण संस्थेत घेतलं. पावसाळ्यात कुणी शहरातला पोरगा कपारीत अडकला की विलासला फोन यायचा. त्याने किती जण वर काढले हे त्यालाही सांगता यायचं नाही. विचारलं तर म्हणायचा, “जड होते तेवढे ध्यानात हायत.”

गेल्या वर्षी हरेशची मंडळी आफ्रिकेतल्या किलिमांजारोला निघाली. बरोबर विलासही जाणार होता. वाडीतलं कोणी तोवर विमानात बसलं नव्हतं. जाण्याआधी तो लोधिवलीला माझ्या घरी आला. डॉक्टरांनी दिलेला इंग्रजी कागद त्याच्या हातात होता.

मी वाचून सांगितलं. डोंगरावर उंचीमुळे डास नसतात, पण पायथ्याच्या गावात असतात आणि तिथला हिवताप जीवघेणा असतो. संध्याकाळी अंगभर कपडे, उघड्या अंगाला मलम, झोपताना मच्छरदाणी.

“काका, डोंगर चढायचाय का नवरा म्हणून बसायचंय? किती ते माखायचं,” तो म्हणाला. मोठा झाल्यापासून तो मला काका म्हणत असे.

“आणि रोज जेवणानंतर एक गोळी. निघायच्या दोन दिवस आधीपासून, तिथे असेपर्यंत आणि परत आल्यावर अठ्ठावीस दिवस.”

“परत आल्यावर कशाला? डास तिकडंच राह्यला ना.”

“डास राहतो. रक्तात शिरलेला जंतू तुझ्याबरोबर विमानात बसतो. आणि आल्यावर कधीही ताप आला, तर पहिल्याच दिवशी रक्त तपासायचं आणि कुठून आलास ते सांगायचं.”

“बरं,” तो म्हणाला. त्याने कागदाची घडी घातली आणि नीट खिशात ठेवली.

तो शिखरावर जाऊन आला. परतल्यावर चौथ्या दिवशी वाडीत सत्कार झाला. हरेशची माणसं, हारतुरे, मंडप. विलासच्या अंगावर शाल होती आणि पाच वर्षांची संजना, त्याची मुलगी, त्याच्या मांडीवरून हलत नव्हती. मी गर्दीतून वाट काढत त्याच्याजवळ गेलो.

“गोळ्या चालू आहेत ना?”

“हायत हायत, काका. चांगला ठणठणीत हाय मी.”

हे उत्तर मी तीस वर्षं घरोघरी ऐकलं होतं. त्याचा अर्थ मला ठाऊक होता. आम्ही पडवीतच होतो. वर बांबूचे वासे होते, हात उंचावला असता तर पुरला असता. पण लोक फोटो काढत होते. एवढ्या पाहुण्यांत एका निवृत्त म्हाताऱ्याने सत्कारमूर्तीच्या छपरात हात घालायचा, हे मला कसंसंच वाटलं. मी लाडू घेतला आणि घरी आलो.

पुढे दोन आठवड्यांनी त्याला थंडी वाजून ताप भरला. घरच्यांना वाटलं, बर्फातली थंडी हाडांत बसली. त्यांनी शेकोटी केली, काढा दिला. तापातच तो एका अडकलेल्या माणसाला काढायला कड्यावर जाऊन आला. चौथ्या दिवशी त्याची बायको नंदा हिचा मला फोन आला, “काका, हे कायबाय बोलतात.” मी पोचलो तेव्हा त्याचे डोळे पिवळे झाले होते. त्याने मला ओळखलं नाही. जीपने मोठ्या इस्पितळात नेलं. तिथल्या लोकांनी शर्थ केली, पण दोन दिवसांनी तो गेला.

दिवसकार्य झाल्यावर मी वाडीत गेलो. आवडी उठली, तिने पडवीच्या वाशात हात घातला आणि प्लॅस्टिकची पिशवी काढून माझ्या हातात दिली. आत चोवीस गोळ्या होत्या.

“विलासनं पोरीसाठी ठेवल्यात,” ती म्हणाली. “लांबच्या देशाचं औषध, म्हणला, लय भारी हाय. संजीला परवा ताप होता. देणार होतो, पण म्हणलं तुमाला इचारावं.”

त्या गोळ्या कशाच्या होत्या, त्या विलासच्या पोटात गेल्या असत्या तर काय झालं असतं, हे तिला माहीत नव्हतं. आवडीला वाचता येत नाही, म्हणूनच हे लिहायचा धीर झाला.

“या मोठ्यांच्या आहेत,” मी म्हणालो. “लहानांना चालत नाहीत.” ते खरंच होतं. “संजीला ताप आला की आधी मला कळवा. मी येईन.”

“मंग बरं झालं, ठेवून दिल्या त्या,” आवडी म्हणाली.

मी हो म्हणालो. पिशवी खिशात घातली. निघताना सवयीने माझा हात वर वाशाकडे गेला.